खराडीतल्या बारा मजली ऑफिससाठी इव्हॅक्युएशन किट : कामाच्या नोंदी

३ मार्च

आमची इमारत पुण्यातल्या खराडीत. तळमजला अधिक अकरा, खाली दोन बेसमेंट, दोन जिने. मंगळवार ते गुरुवार सतराशे-अठराशे माणसं आत असतात, सोमवारी-शुक्रवारी त्याच्या निम्मीही नसतात आणि रात्रपाळीला शंभर-सव्वाशे. इमारत रिकामी करायची वेळ आली तर लागेल ते सगळं सामान तयार ठेवायचं काम माझ्याकडे आलंय. अशाच मोठ्या इमारतीत कुणी हे काम हाती घेणार असेल तर त्याला उपयोगी पडाव्यात म्हणून या नोंदी ठेवतोय.

आज आधीपासून होतं ते सामान उघडलं. रिसेप्शनच्या काउंटरखाली एक लाल बॅग. मेगाफोनमधले सेल फुटून स्प्रिंगांवर क्षार चढलेला. चार्जिंगचा टॉर्च पूर्ण बंद. फर्स्ट एडच्या डब्यात तापाच्या आणि ॲसिडिटीच्या गोळ्या भरपूर, भाजल्यावर लावायचं ड्रेसिंग एकही नाही. चौथ्या मजल्याच्या नकाशावर जिथे दार दाखवलंय तिथे आता मीटिंग रूमची भिंत आहे.

खरेदीची यादी करण्याआधी एक कसोटी ठरवली. रात्री दोन वाजता ड्युटीवर जो गार्ड असेल त्याला एकट्याला, अंधारात, हे सामान उचलून बाहेर नेता आलं पाहिजे आणि कुणाला न विचारता वापरता आलं पाहिजे. यात न बसणारी वस्तू कितीही चांगली असली तरी किटमध्ये घ्यायची नाही.

७ मार्च

अग्निशमन केंद्रात जाऊन आलो. ड्युटीवरच्या अधिकाऱ्यांनी बराच वेळ दिला. मी एवढंच विचारलं, "साहेब, गाडी आमच्या गेटात शिरली की तुम्ही पहिल्यांदा काय विचारता?"

त्यांनी बोटांवर मोजून सांगितलं. आत कुणी अडकलंय का, कुठल्या मजल्यावर. नेमकं काय जळतंय. लाइट कुठून बंद होते, केली का. गॅस आहे का. पाण्याची टाकी कुठे, पंप चालू आहे का, आमचा होज (पाण्याचा पाइप) कुठे जोडायचा. आणि किल्ल्या कोणाकडे. "याची उत्तरं देणारा एक माणूस गेटवर उभा पाहिजे. नाहीतर आमची पहिली पाच मिनिटं माणूस शोधण्यातच जातात."

माझ्या कच्च्या यादीत पट्ट्या, टॉर्च, दोऱ्या, मास्क असं बरंच काही होतं. या प्रश्नांपैकी एकाचंही उत्तर त्यात नव्हतं. यादी बाजूला ठेवली.

१२ मार्च

माहितीचा कागद करायला घेतला. ए-३ आकार, पुढच्या बाजूला इमारतीचा आराखडा, मागे मोठ्या अक्षरात उत्तरं. दोन तासांत होईल असं वाटलं होतं, चार दिवस लागले. कारण प्रत्येक गोष्ट जागेवर जाऊन बघावी लागली, ड्रॉइंगवरून करून चालत नाही. बरोबर आपले इलेक्ट्रिशियन दादा आणि फायरच्या एएमसीचा (वार्षिक देखभाल कराराचा) टेक्निशियन होते.

जे सापडलं ते लिहून ठेवतो, कारण तुमच्याकडेही यातलं काही ना काही निघेलच. कॅन्टीनचा पाइप गॅसचा मुख्य व्हॉल्व्ह मागच्या भिंतीला आहे, त्याच्यासमोर भाजीचे क्रेट छातीएवढे रचलेले. अग्निशमनच्या गाडीचा होज जोडायचं चार तोंडांचं इनलेट दुचाकींच्या रांगेमागे. दोन टोप्यांवर रंगाचे इतके थर की हाताने फिरतच नव्हत्या. टेक्निशियनने पाना लावून सोडवल्या, आटे साफ केले, ग्रीस लावलं. पाचव्या मजल्यावरच्या यूपीएस रूममध्ये मागच्या वर्षी लिथियम बॅटऱ्या बसवल्यात, हे सिक्युरिटीला माहीतच नव्हतं. पहिल्या बेसमेंटमध्ये ई-स्कूटरच्या चार्जिंगचे पॉइंट आहेत. सर्व्हर रूममध्ये आग विझवणारा गॅस आपोआप सुटतो, तो सुटल्यावर आत पाऊल टाकायचं नाही. जनरेटरची डिझेल टाकी ९९० लिटरची.

हे सगळं कागदावर आलं. वर १०१, १०८ आणि ११२ हे नंबर. त्याखाली आपला पत्ता आणि आत शिरायचं गेट कुठलं ते, कारण फोनवर घाबरलेल्या माणसाला स्वतःच्या ऑफिसचा पत्ताही नीट सांगता येत नाही. सगळं मराठीत, मोठ्या टायपात; चित्रं आणि रंग शक्य तिथे. लिहिलेलं प्रत्येक वाक्य गार्डकडून मोठ्याने वाचून घेतलं. जिथे तो अडखळला तिथे वाक्य बदललं.

दुचाकींची रांग हलवायला मात्र कागद पुरला नाही. इनलेटसमोर पिवळे पट्टे मारून दोन लोखंडी बोलार्ड (गाड्या अडवायचे खांब) बसवले. हा खर्च मेंटेनन्समधून गेला, किटमध्ये धरलेला नाही.

१८ मार्च

खरेदी. बोहरी आळीतून शिट्ट्या, रेडियम जॅकेट, झाकणाला रबर असलेले दोन मोठे प्लॅस्टिकचे पेटारे, नंबर छापलेले प्लॅस्टिक सील. तपकीर गल्लीतून टॉर्च आणि मेगाफोन. फर्स्ट एडचं सामान सदाशिव पेठेतल्या होलसेल दुकानातून. ऑनलाइन तयार 'इमर्जन्सी किट' मिळतात, ते पाहिले आणि सोडले. त्यात होकायंत्र, मासे पकडायचा गळ असलं सामान भरून किंमत वाढवलेली असते.

टॉर्च चार्जिंगचे घेतले नाहीत. कपाटात सहा महिने पडलेली चार्जिंगची बॅटरी ऐनवेळी दगा देते आणि ती दर महिन्याला चार्ज करायची जबाबदारी कुणाच्याही डोक्यात राहत नाही. साधे, अल्कलाइन सेलवर चालणारे घेतले. सेल आत घालून ठेवायचे नाहीत. चारही सेल एका चिकटपट्टीत बांधून टॉर्चच्या दांड्याला रबराने लावायचे. घालायला पाऊण मिनिट जातं खरं, पण गळून टॉर्च खराब होत नाही. मेगाफोनलाही तेच. (हा निर्णय पुढे अर्धा बदलावा लागला, ६ मेची नोंद बघा.)

फर्स्ट एडमध्ये पोटात घ्यायचं एकही औषध नाही. एकतर एक्स्पायरी सांभाळावी लागते आणि समोरच्याला कशाची ॲलर्जी आहे ते गार्डला कळणार नाही. ठेवलं ते असं: भाजल्याची ड्रेसिंग, जाड गॉझ, क्रेप बँडेज, तिकोनी पट्ट्या, कपडे कापायची बोथट टोकाची कात्री, नायट्राइलचे हातमोजे, ओआरएसची पाकिटं. ओआरएसबरोबर एक लिटरच्या रिकाम्या बाटल्या, म्हणजे एक पाकीट एक लिटरमध्येच पडेल, ग्लासात नाही. भाजल्याच्या ड्रेसिंगच्या पुड्यावर चिकटवलं: 'आधी वीस मिनिटं नळाचं वाहतं पाणी. बर्फ नको, टूथपेस्ट नको.'

२१ मार्च

चाकांची ट्रॉली बॅग बाद. लॉबीच्या ग्रॅनाइटवर सुरेख चालते. बाहेर पेव्हर ब्लॉकवर धडधडायला लागली आणि रॅम्पच्या तोंडाशी पाणी जायच्या जाळीत चाक अडकलं. भरलेली बॅग उपसून काढताना हँडल वाकलं. दुकानदाराने परत घेतली नाही, २,३०० रुपये गेले.

आता दोन भाग केलेत. 'पहिली पिशवी' पाठीवर घ्यायची, जेमतेम सहा किलो: माहितीचा कागद, नकाशे, किल्ल्या, टॉर्च, मेगाफोन, वॉकीटॉकी. ती घेऊन गार्ड थेट गेटवर जातो. पाणी, फर्स्ट एड, फॉइलची ब्लँकेटं हे सगळं दोन कड्यांच्या पेटाऱ्यात. ते दोघांनी मागून आणायचं. पेटारा पाच मिनिटं उशिरा आला तर चालतं, पिशवी उशिरा येऊन चालत नाही.

२५ मार्च

जागा. रिसेप्शन नको, कारण दर्शनी भाग अख्खा काचेचा आहे आणि काच तडकली की खालून कुणी जायचं नाही. शिवाय लॉबीत धूर आला तर पिशवी आतच राहणार. एक संच फायर कंट्रोल रूममध्ये, दुसरा तसाच्या तसा मागच्या गेटच्या केबिनमध्ये. एक अडकला तर दुसरा हाताशी. खर्च वाढला, पण यावर मी अडून बसलो.

२८ मार्च

स्मोक हूड, म्हणजे धुरात डोक्यावर चढवायचे फिल्टरचे टोप, घ्यायचे नाहीत असं ठरलं. वरिष्ठांची इच्छा होती. माझं म्हणणं मांडलं ते असं: त्यातला फिल्टर ठरावीक मिनिटंच चालतो, ऑक्सिजन तो देत नाही आणि पेटीत हूड दिसला की कुणीतरी धाडसी माणूस तो घालून परत आत जाणार. आपल्या किटमधली कुठलीही वस्तू माणसाला इमारतीत परत पाठवणारी नसावी. आत जायचं काम अग्निशमन दलाचं. मान्य झालं.

२ एप्रिल

सगळ्यात अवघड भाग: कोण आत राहिलंय हे कळणार कसं?

एचआरकडून मस्टरची यादी मागितली. हायब्रिडमुळे (काही दिवस घरून, काही दिवस ऑफिसातून काम) आज कोण ऑफिसात आहे ते मस्टरला माहीत नाही. मग ॲक्सेस कार्डचा डेटा पाहिला. फायर अलार्म झाला की खालचे फ्लॅप (कार्ड लावून उघडायचे अडसर) आपोआप उघडतात, ते तसेच उघडायला हवेत, पण मग बाहेर पडणारा माणूस कार्ड लावत नाही. सिस्टीमच्या लेखी तो आतच. आणि तो सर्व्हर याच इमारतीत, सातव्या मजल्यावर. कॅन्टीनची माणसं, हाउसकीपिंग, ड्रायव्हर, लिफ्टचे टेक्निशियन, डबे पोचवणारी मुलं यांची नावं ज्याच्या त्याच्या ठेकेदाराच्या वहीत, आणि काहींची कुठेच नाहीत. धूर झाला तर बेसमेंटमध्ये अडकण्याची शक्यता सर्वांत जास्त या माणसांची. त्यांना वगळून हजेरी पूर्ण झाली असं म्हणणं मला पटेना.

म्हणून नावं मोजणं सोडलं आणि मजले तपासायचं ठरवलं. माणूस कोण आहे ते नंतर, मजला रिकामा आहे का ते आधी. प्रत्येक मजल्याला आणि दोन्ही बेसमेंटना एक छोटी पिशवी: दोन रेडियम जॅकेट, दोन शिट्ट्या, टॉर्च, एक कार्ड. कार्ड एका बाजूने हिरवं, 'मजला रिकामा'. दुसऱ्या बाजूने लाल, 'माणूस मागे आहे, कुठे?' आणि खाली लिहायला रेघ. मार्शल, म्हणजे तो मजला तपासायची जबाबदारी असलेला माणूस, सगळी दारं उघडून बघत बाहेर येतो आणि कार्ड बाहेरच्या फळीवर आपल्या मजल्याच्या खिळ्याला लावतो. फळीवर चौदा खिळे. रिकामा खिळा लाल समजायचा.

मार्शल कोण, हाही प्रश्न होता. नेमलेले दोघं नेमके त्या दिवशी घरून काम करत असतात. आता नेमणूक राहू द्या, पण नियम असा केला की जिन्याच्या दाराशी लटकलेलं जॅकेट जो पहिला घालेल तो त्या मजल्याचा मार्शल. त्याने काय करायचं ते कार्डाच्या दोरीला बांधलेल्या पट्टीवर लिहिलंय.

ती पट्टी मी लिहिली नाही. सहाव्या मजल्यावरच्या हाउसकीपिंगच्या मावशींना म्हटलं, "मावशी, इथे कुणी राहून गेलं तर कुठे असेल?" त्यांनी मला फिरवून दाखवलं. टोकाचं लेडीज टॉयलेट, तिथे भोंगा जेमतेम ऐकू येतो. फोनवर बोलायच्या काचेच्या खोल्या, दार लावून कानात हेडफोन घातला की काहीच कळत नाही. लहान बाळांच्या आयांची खोली, आतून कडी. पँट्रीमागची स्टोअर रूम, "तिथं आम्ही जेवतो". चार वर्षं या इमारतीत काम करून ती स्टोअर रूम मी उघडून पाहिली नव्हती, फ्लोअर प्लॅनवर ती नुसती 'शाफ्ट' (पाइप-वायरींची पोकळी) म्हणून आहे. प्रत्येक मजल्याची पट्टी आता त्या त्या मजल्याच्या मावशींनी सांगितल्याप्रमाणे छापली आहे.

९ एप्रिल

इव्हॅक्युएशन चेअर, म्हणजे माणसाला बसवून जिन्याने खाली उतरवायची खुर्ची. एक ६५ हजारांना, दोन घेतल्या, कर धरून. किटमधला निम्म्याहून जास्त पैसा यातच गेला आणि यावरून बरीच चर्चा झाली. माझ्या मते हाच पैसा सगळ्यात योग्य ठिकाणी गेला, कारण अलार्म झाला की लिफ्ट वापरायची नाही आणि जिना न उतरता येणारा माणूस आपल्याकडे रोज असतो. कुणी पायाला प्लॅस्टर घातलेलं, कुणाला सातवा महिना, कुणाचं गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं.

खुर्चीच्या मागे खाली दोन रबरी पट्टे असतात. जिन्याच्या कडांवर ते घासत उतरतात आणि बसलेल्याच्या वजनानेच वेग आवरला जातो. कंपनीच्या माणसाने लॉबीत दाखवलं तेव्हा सोपं वाटलं. मी म्हटलं, आमच्या जिन्यात दाखवा. आमचा फायर जिना कोटा फरशीचा, पायऱ्यांवर बारीक धूळ. पट्टे पहिल्या दोन पायऱ्यांवर सरकले. पायऱ्या आणि पट्टे ओल्या फडक्याने पुसून घेतल्यावर नीट पकड आली. तेव्हापासून दोन्ही जिने आठवड्याला पुसायचे, हे हाउसकीपिंगच्या कामाच्या यादीत गेलं.

नवव्या मजल्यावरचे एक सहकारी कुबड्या घेऊन चालतात. लहानपणीचा पोलिओ. त्यांना विचारलं, "सर, तुम्ही बसून बघाल का? तुम्ही सांगाल तसंच करू." ते लगेच तयार झाले. दोन गार्ड त्यांना काखेत धरून उचलायला गेले तर त्यांनी थांबवलं. "मला उचलू नका. खुर्ची माझ्या डाव्या बाजूला आणा, ब्रेक लावा, मी स्वतः सरकतो." खरंच तसं कमी वेळात झालं आणि कुणाच्या कंबरेवर जोर आला नाही. माणसाला बांधायचे पट्टे आधी छातीचा, मग पायांचा. उलट केलं तर माणूस पुढे घसरतो, तेही त्यांनीच दाखवलं.

खाली पोचल्यावर ते म्हणाले, "माझ्या कुबड्या कुठायत?" कुबड्या नवव्या मजल्यावर भिंतीला टेकवलेल्या राहिल्या होत्या. "म्हणजे आता मी या खुर्चीतच बसून राहायचं आणि वर अजून कुणाला खुर्ची हवी असेल तर त्याला खुर्ची नाही." हे आमच्यापैकी कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. दोन्ही खुर्च्यांच्या मागे कुबडी किंवा काठी अडकवायला वेल्क्रोचे दोन पट्टे शिवून घेतले, ऐंशी रुपयांत. आणि खाली पेटाऱ्याजवळ दोन घडीच्या खुर्च्या ठेवल्या, म्हणजे उतरलेला माणूस त्यावर बसतो आणि चेअर परत उपलब्ध होते.

खुर्ची फक्त उतरते, चढत नाही. बेसमेंटसाठी चौघांनी धरायची दोन रेस्क्यू शीट वेगळी घेतली.

१७ एप्रिल

मॉक ड्रिल. १४ ते २० एप्रिल अग्निशमन सप्ताह असतो. १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकिन' जहाजाचा स्फोट झाला आणि त्यात अग्निशमन दलाचे जवान गेले, त्यांच्या स्मरणार्थ. चौदाला आंबेडकर जयंतीची सुट्टी, म्हणून गर्दीचा गुरुवार निवडला. वेळ सकाळी साडेअकरा.

जमलं ते: पहिली पिशवी गेटवर तीन मिनिटांच्या आत. बारा कार्डं फळीवर लागली. इनलेट मोकळं.

बिघडलं ते सविस्तर. चेअर सातव्या मजल्यावरून गर्दीबरोबरच खाली निघाली. खुर्ची सावकाश उतरते, तिच्या मागे वरच्या चार मजल्यांची माणसं तुंबली. शेवटचा माणूस बाहेर यायला १९ मिनिटं लागली, दुसऱ्या जिन्याने ११. चोवीस मीटरच्या वरच्या इमारतीत रेफ्यूज एरिया (आसऱ्याची राखीव जागा) कशासाठी असतो, ते तेव्हा सगळ्यांना नीट कळलं: चेअर लागणाऱ्याने मार्शलबरोबर आधी तिथे थांबायचं, गेटवर कळवायचं आणि जिना मोकळा झाला की उतरायचं. आमच्या सातव्या मजल्याच्या रेफ्यूजमध्ये जुनी टेबलं आणि एसीची खोकी रचलेली होती. संध्याकाळपर्यंत सगळं बाहेर काढून घेतलं.

दोन्ही बेसमेंटची कार्डं आलीच नाहीत. दुसऱ्या बेसमेंटमधून वॉकीटॉकी लागत नाही आणि तिथला गार्ड 'आदेशाची' वाट बघत उभा राहिला.

जमायची जागा चुकीची. ठरलेली जागा समोरच्या ड्राइव्ह-वेवर, म्हणजे अग्निशमनची गाडी जिथून येणार तिथेच सोळाशे माणसं उभी. वर सावली नाही. वीस मिनिटांत एका मुलीला चक्कर आली. ओआरएसचं पहिलं पाकीट ड्रिलमध्येच फुटलं. ती बरी आहे.

२३ एप्रिल

दुरुस्त्या. जमायची जागा मागच्या पार्किंगच्या पलीकडे, शेजारच्या प्लॉटच्या मालकाकडून लेखी परवानगी घेऊन. मुद्दाम झाडांखाली घेतली नाही. मे महिन्यात वळवाच्या वाऱ्यात फांद्या पडतात. शेडनेटची सोय करतोय. वीस लिटरचे पाण्याचे जार मागच्या केबिनजवळ, कागदी ग्लास पेटाऱ्यात.

बेसमेंटसाठी रिपीटर (वॉकीटॉकीचा सिग्नल पुढे पोचवणारं यंत्र) बसवायचं कोटेशन किटच्या सगळ्या खर्चापेक्षा जास्त आलं. त्याऐवजी रॅम्पच्या वळणावर एक गार्ड उभा करायचा, तो खालचं ऐकून वर सांगतो. तीनदा तपासलं, चालतं. वॉकीटॉकीचे सहा सेट घेतलेत, ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झचे, यांना परवाना लागत नाही. घेताना डब्यावर ही फ्रिक्वेन्सी छापलेली आहे ना ते बघून घ्या, स्वस्तातले बरेच सेट वेगळ्याच पट्ट्यावर चालतात. आणि बेसमेंटच्या गार्डांना स्पष्ट सांगितलं: भोंगा वाजला हाच आदेश.

६ मे

रात्रीची चाचणी. दोन वाजता, न सांगता, कंट्रोल रूमचे लाइट बंद केले. ड्युटीवर नांदेडकडचा एक तरुण गार्ड, नोकरीला लागून महिना झालेला. "दादा, आग लागलीय असं समजा. किट घ्या आणि गेटवर चला."

पिशवी त्याने लगेच शोधली, वरची रेडियम पट्टी दिसत होती. मग टॉर्चमध्ये सेल घालायला बसला. अंधारात सेलची टोकं कुठली ते कळेना. एक सेल हातातून निसटून टेबलाखाली गेला, तो शोधायला त्याने स्वतःचा मोबाइल पेटवला. गेटवर पोचल्यावर टॉर्च तोंडात धरून दोन्ही हातांनी नकाशा उलगडला. लॅमिनेशन चकचकीत; उजेड सरळ डोळ्यांत येत होता, रेघा दिसतच नव्हत्या. नकाशा तिरका धरून तो एकेक ओळ वाचत होता. मग मी पंप रूमची किल्ली मागितली. जुडग्यात चाळीसेक किल्ल्या, प्रत्येकीवर पितळी नंबर, आणि नंबरांची यादी कपाटाच्या दारावर, म्हणजे आत. एकेक लावून बघत राहिला. त्याचा काही दोष नव्हता, जुडगाच तसा होता.

बदललं ते असं. प्रत्येक पिशवीत एक हेडलॅम्प, त्यात लिथियमचे सेल कायम घातलेले (हे अल्कलाइनसारखे सहसा गळत नाहीत), सेलच्या टोकाशी प्लॅस्टिकची जीभ. ओढली की लागतो. बाकीच्या टॉर्चचे सेल बाहेरच. नकाशे मॅट लॅमिनेशनमध्ये पुन्हा, वर लिहायला काचेवर लिहायची पेन्सिल. किल्ल्या सातच: पंप रूम, मुख्य पॅनल, गच्ची, दोन्ही शाफ्ट, यूपीएस रूम, लिफ्टचा फायरमन स्विच. प्रत्येकीला हाताच्या पंजाएवढा वेगळ्या रंगाचा टॅग, वर नाव आणि चित्र. माहितीच्या कागदावर तोच रंग.

दुसऱ्या रात्री त्याच गार्डने सातही किल्ल्या मागेन तशा दिल्या.

२१ मे

मागच्या केबिनला पत्र्याचं छत आहे. दुपारी पेटारा उघडला तर चिकटपट्टीचा गोंद वितळून गॉझच्या पुड्यांना लागलेला, हातमोजे एकमेकांना चिकटलेले. १,१०० रुपयांचं सामान फेकलं. पेटारा केबिनच्या उत्तरेकडच्या भिंतीला, पत्र्याखाली थर्माकोलची शीट. चिकटपट्टी आणि हातमोजे आता फक्त कंट्रोल रूमच्या पेटाऱ्यात, तिथे एसी आहे.

१४ जून

जोरदार पाऊस. पेटाऱ्याचं रबर टिकलं, आत थेंब नाही. फळीवरची हिरवी-लाल कार्डं मात्र भिजून फुगली. साध्या कार्डबोर्डवर छापून घेतली होती. पीव्हीसीवर नवी छापली. पेटाऱ्यात पातळ पोंचो वाढवले. फॉइलच्या ब्लँकेटचा उपयोग पावसात भिजलेल्या माणसाला थंडी वाजू नये म्हणूनच होतो. ती वाऱ्यात उडतात, खांद्यावर गाठ मारून द्यावी लागतात.

३ जुलै

फायरच्या परवानाधारक एजन्सीचा 'फॉर्म बी' (आगीची यंत्रणा चालू स्थितीत असल्याचा दाखला) जानेवारीत आणि जुलैत द्यावा लागतो, महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ प्रमाणे. त्याच तपासणीला किटची तपासणी जोडून टाकली, वेगळी तारीख ठेवली तर ती मागे पडते. मधल्या महिन्यांसाठी सील. प्रत्येक पिशवी आणि पेटारा नंबरच्या सीलने बंद, नंबर गार्डच्या वहीत. पाळी बदलताना फक्त नंबर जुळवायचा, उघडायची गरज नाही. सील तुटलेलं दिसलं तरच उघडून यादीशी ताडायचं. सील हाताने ओढून तुटणारंच घ्या. आधी आणलेलं जाड सील कटरशिवाय तुटत नव्हतं, ते परत केलं.

खर्च, राउंड आकड्यात. दोन चेअर १,३०,०००. वॉकीटॉकी २५,२००. चौदा मजला-पिशव्या २०,३००. फर्स्ट एड, वाया गेलेलं धरून, १६,०००. दोन पेटारे १३,६००. पाणी, पोंचो, ब्लँकेट १२,०००. छपाई, दोनदा केलेली धरून, ९,५००. रेस्क्यू शीट ९,०००. मेगाफोन ७,८००. एकूण २,४३,४००, त्यात ट्रॉलीचे २,३०० धरलेले नाहीत. चेअर वगळली तर हे काम सव्वा लाखाच्या आत होतं.

राहिलेलं: शेडनेट. अकराव्या मजल्याच्या रेफ्यूजचं दार पावसाने फुगून घट्ट बसतंय, सुतार सोमवारी येतोय. रात्रपाळीच्या तीन नव्या गार्डांना खुर्ची शिकवायची आहे. नवव्या मजल्यावरच्या सरांनी शिकवायची तयारी दाखवली आहे, त्यांना गुरुवारी दुपारी चारची वेळ चालते.